'टु नो', 'जाणणे' आणि 'कळणे' : अंबाजोगाईच्या ग्रंथपरंपरेच्या अनुषंगाने एक विचार

१

इंग्रजीतील 'टु नो' हे क्रियापद शाळेतील पहिल्या दोनचार धड्यांतच विद्यार्थ्याच्या परिचयाचे होते, आणि 'जाणणे' हा त्याचा अर्थ त्याच वेळी त्याच्या वहीत उतरतो. पुढे पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत ह्या अर्थाचा पुन्हा विचार करण्याचा प्रसंग त्याला बहुधा येत नाही. वस्तुतः हे समीकरण तपासून पाहण्यास चार साधी वाक्ये पुरेशी आहेत. 'आय नो हिम', 'आय नो द रीझन', 'आय नो इंग्लिश', 'आय नो हाऊ टु स्विम' ही ती वाक्ये होत. मराठी माणूस सहज बोलताना ह्यांच्या जागी अनुक्रमे 'मी त्याला ओळखतो', 'मला कारण ठाऊक आहे', 'मला इंग्रजी येते' आणि 'मला पोहता येते' असे म्हणेल. इंग्रजीत चारही ठिकाणी एकच क्रियापद आहे. मराठीत तीन निरनिराळ्या रचना आहेत. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कोशाने ज्याला पहिले स्थान दिले ते 'जाणणे' ह्या चारांपैकी एकाही वाक्यात आलेले नाही.

मग 'जाणणे' ह्या क्रियापदाचे खरे क्षेत्र कोणते? रोजच्या बोलण्यात त्याचा वावर बेताचाच आहे. 'घरात जाणते माणूस नाही', 'पोर आता जाणते झाले', 'आपण जाणताच' अशा ठरावीक जागी ते आढळते. परंतु ग्रंथांत, विशेषतः अध्यात्मपर ओवीवाङ्मयात, त्याचे राज्य आहे. ह्या वाङ्मयाच्या उगमाशी ज्या स्थळाचे नाव परंपरेने जोडले आहे ते बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई होय. म्हणून ह्या इंग्रजी क्रियापदाचा विचार प्रस्तुत लेखात अंबाजोगाईच्या ग्रंथपरंपरेसमोर ठेवून करावयाचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : इंग्रजी क्रियापद जाणणाऱ्याला नेहमी कर्त्याच्या आसनावर बसविते, मराठी भाषा जाणण्याच्या प्रयत्नाला कर्ता देते, परंतु ज्ञानाच्या प्राप्तीला बहुधा देत नाही, आणि हा भेद दृष्टीआड झाला म्हणजे आपले जुने ग्रंथ आपण इंग्रजीच्या चष्म्यातून वाचू लागतो.

२

प्रथम इंग्रजी क्रियापदाचा इतिहास पाहू. आजच्या इंग्रजीत एकाच शब्दावर पडलेले हे ओझे मुळात तीन क्रियापदांत वाटलेले होते. प्राचीन इंग्रजीत 'विटन' म्हणजे एखादी गोष्ट ठाऊक असणे, 'क्नावन' म्हणजे ओळखणे, व 'कुनन' म्हणजे एखादी गोष्ट करता येणे अथवा तिच्यात जाणकार असणे, अशी स्थूलमानाने विभागणी होती. जर्मन भाषेने ही विभागणी 'विसेन', 'केनेन' व 'क्योनेन' ह्या रूपांत अद्याप राखली आहे. फ्रेंचमध्येही 'साव्वार' आणि 'कोनेत्र' असा भेद आहे. इंग्रजीत मात्र 'विटन' मागे पडले. १६११ च्या बायबलच्या अधिकृत भाषांतरात त्याची 'वॉट' व 'विस्ट' ही रूपे आढळतात. परंतु त्यानंतर ती केवळ जुनाट वळणाची म्हणून उरली. कायद्याच्या लेखनातील 'टु विट' आणि 'विटनेस' हा शब्द ह्या त्याच्या मागे राहिलेल्या खुणा होत. 'कुनन' चे पुढे 'कॅन' झाले आणि ते सहायक क्रियापद बनले. उरलेला सर्व भार 'क्नावन' वर, म्हणजे आजच्या 'नो' वर, येऊन पडला.

ह्या शब्दांचे संस्कृतशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. 'नो' आणि 'कॅन' हे दोन्ही ज्या मूळ धातूपासून निघाले त्याच धातूचा संस्कृत अवतार 'ज्ञा' होय. इंग्रजी लेखनात ह्या शब्दाच्या आरंभी जो 'क' लिहितात व उच्चारत नाहीत, तो ह्या प्राचीन व्यंजनसंयोगाचा अवशेष आहे. लॅटिन 'कोग्नोस्केरे' व ग्रीक 'ग्नोसिस' ह्यांत तो संयोग 'ग्न' ह्या रूपाने स्पष्ट दिसतो. 'विट' चा संबंध 'विद्' धातूशी आहे. त्या धातूचा जुना अर्थ पाहणे असा असून लॅटिन 'विदेरे' मध्ये तो टिकला आहे. इंग्रजीतील साक्षीदार हा मुळात 'विट' वाला, म्हणजे ज्याला ठाऊक आहे असा. संस्कृतातील साक्षी हा अक्षिवाला, म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले असा. पाहणे आणि ठाऊक असणे ह्यांचा हा शेजार पुढे उपयोगी पडणार आहे.

आणखी एका शब्दाची येथे नोंद करणे अगत्याचे आहे. प्राचीन इंग्रजीत न जाणण्यासाठी 'न्युटन' असे स्वतंत्र नकारार्थी क्रियापद होते. 'ने' व 'विटन' ह्यांच्या संयोगातून ते सिद्ध झाले होते. जुन्या मराठीतील 'नेणणे' हे त्याचे हुबेहूब भावंड म्हटले पाहिजे. 'न' आणि 'जाणणे' ह्यांच्या एकजीव संयोगातून ते बनले आहे. इंग्रजीने आपले नकारार्थी क्रियापद पूर्णपणे गमावले. मराठीतही ते बोलण्यातून गेले. तथापि 'नेणता', 'नेणीव', 'जाणतेनेणते' ह्या शब्दांत त्याचा अंश शिल्लक आहे. आधुनिक मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेत 'नेणीव' हा शब्द पुन्हा चलनात आला, ही त्याच्या सामर्थ्याची साक्षच होय. अज्ञान म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव नसून ती स्वतंत्र अशी एक अवस्था आहे, हे सांगावयास स्वतंत्र क्रियापद हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

एका क्रियापदात तीन अर्थ कोंबल्याचा परिणाम इंग्रजी तत्त्वचिंतनावरही झाला. बर्ट्रांड रसेल ह्यांना १९१० च्या सुमारास परिचयरूप ज्ञान आणि वर्णनरूप ज्ञान असा भेद परिभाषा करून मांडावा लागला. गिल्बर्ट राईल ह्यांनी १९४९ मध्ये अमुक आहे हे ठाऊक असणे आणि अमुक कसे करावे हे येणे ह्यांतील अंतर दाखविण्यासाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले. मराठी वाचकाला ह्या विवेचनाची सूक्ष्मता पटते, पण भेद मात्र नवा वाटत नाही. 'ओळखणे', 'ठाऊक असणे' आणि 'येणे' हे त्याच्या बोलीतच वेगळे आहेत. 'तो मला माहीत आहे, पण मी त्याला ओळखत नाही' असे न्यायालयात सांगणाऱ्या साक्षीदाराचे म्हणणे पूर्णपणे सुसंगत असते. त्याच्या दोन्ही क्रियापदांना 'नो' हा एकच प्रतिशब्द वापरून जबानी लिहिली गेली, तर तोच मनुष्य परस्परविरुद्ध बोलणारा ठरेल. शब्दार्थाची चर्चा केवळ पंडितांपुरती नसते, हे ह्या एका उदाहरणावरून दिसून येईल.

३

आता मराठीच्या बाजूने पाहू. ज्ञानवाचक मराठी शब्दांचे कुल एक नाही. 'जाणणे' संस्कृत 'जानाति' पासून आले. 'ओळखणे' हे 'उपलक्षयति' चे रूपांतर होय. म्हणजे खुणेवरून निश्चित करणे हा त्यातील मूळ भाव. 'समजणे' 'संबुध्यते' पर्यंत मागे नेता येते, तर 'कळणे' चे नाते 'कल्' धातूशी आहे. 'ठाऊक' चा संबंध 'ठाव' ह्या शब्दाशी उघड दिसतो. ज्याचा ठाव लागला, ज्याची जागा सापडली, ते ठाऊक. 'माहीत' आणि त्यापासूनचा 'माहितगार' हे फारसी-अरबीच्या संपर्कातून आलेले शब्द आहेत. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत 'ठाऊक' व 'म्हाईत' हे दोन्ही सारख्याच सहजतेने वावरतात.

परंतु व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाची बाब विभक्तीची आहे. 'मी ओळखतो', 'मी जाणतो' येथे जाणणारा प्रथमेत आहे. 'मला कळते', 'मला समजले', 'मला ठाऊक आहे', 'मला येते', 'मला उमगले', 'मला जाणवते' येथे त्याला 'ला' प्रत्यय लागला आहे. आठवणे, सुचणे, दिसणे, वाटणे ही क्रियापदेही ह्याच गटातील होत. ज्ञान ही ह्या रचनेत मनुष्याने केलेली क्रिया नसून त्याच्याकडे आलेली, त्याच्या ठायी घडलेली गोष्ट आहे.

एकच क्रियापद दोन्ही प्रकारे चालते तेव्हा हा भेद विशेष स्पष्ट होतो. 'मी त्याला शिक्षक समजलो' ह्या वाक्यात बोलणाऱ्याची चूक झाली असावी अशी शंका येते. 'तो शिक्षक आहे हे मला समजले' ह्या वाक्यात तशा शंकेला जागा नाही. पहिल्या वाक्यात समज कर्त्याने करून घेतली आहे, म्हणून ती चुकू शकते. दुसऱ्यात ती वस्तुस्थितीकडून आली आहे. त्याचप्रमाणे 'मी पुष्कळ आठवून पाहिले, पण मला आठवले नाही', 'मी समजून घेण्याचा यत्न केला, पण मला समजले नाही' ह्या वाक्यांत एकाच दमात दोन विभक्ती येतात. प्रयत्न प्रथमेचा आहे आणि फळ 'ला' चे आहे. मराठी बोलणारा मनुष्य, त्याने व्याकरण शिकलेले असो वा नसो, ह्या बाबतीत कधी चुकत नाही.

'मला कळते' ह्या वाक्यात कर्ता कोणता, हा प्रश्न मराठी व्याकरणात सरळ सुटणारा नाही. दादोबा पांडुरंग ह्यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले आणि मोरो केशव दामले ह्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्त्याचे व प्रयोगांचे विवेचन ह्या परंपरेने कसोशीने केले. परंतु 'मला' ह्या पदाला अर्थदृष्ट्या कर्त्याचे महत्त्व आणि रूपदृष्ट्या कर्त्याखेरीज दुसरेच स्थान, हा पेच राहतोच. पुढे १९७६ मध्ये कॉलिन मसिका ह्यांनी भारतीय भाषांचे क्षेत्र म्हणून विवेचन करताना ही रचना उपखंडातील आर्य व द्राविड अशा दोन्ही कुलांतील भाषांचा समान विशेष म्हणून मांडली.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने ह्या मांडणीला विशेष अर्थ आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात मराठी, तेलुगु, कन्नड व उर्दू ह्या चार भाषा एकत्र नांदत होत्या. तेलुगु भाषक 'नाकु तेलुसु' म्हणतो, कन्नड भाषक 'ननगे गोत्तु' म्हणतो, उर्दू भाषक 'मुझे मालूम है' म्हणतो आणि मराठी भाषक 'मला ठाऊक आहे' म्हणतो. चारही ठिकाणी जाणणारा 'ला' च्या अर्थाच्या विभक्तीत आहे. कचेरीत, बाजारात वा शेतात, भाषा कोणतीही असली तरी ह्या राज्यातील रयतेची ठाऊक असण्याची रीत एकच होती. राज्याची भाषा उर्दू आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. त्यामुळे येथील सुशिक्षिताची ही रीत बदलण्याचे कारण शिक्षणामुळेही उत्पन्न झाले नाही. प्रथमेतील 'आय नो' ही सवय इंग्रजीबरोबर आली.

४

ह्या पार्श्वभूमीवर अंबाजोगाईच्या ग्रंथकारांकडे वळू. निजामी अमदानीत मोमिनाबाद हे नाव मिळालेल्या ह्या गावाजवळच्या दरीत मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. 'विवेकसिंधु' ह्या त्यांच्या ग्रंथातील कालनिर्देशावरून त्याची रचना शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, मधील मानली जाते. आणि हा काल ग्राह्य धरल्यास मराठीतील आद्य ग्रंथाचा मान त्याला मिळतो. 'परमामृत' हाही त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ग्रंथातील अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की विदर्भातील वैनगंगेकाठचे आंभोरे, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहे. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. अंबाजोगाईने ही परंपरा शतकानुशतके जतन केली, एवढे आपल्या विषयास पुरेसे आहे.

मात्र भाषेच्या अभ्यासकाला दुसरी एक अडचण टाळता येत नाही. 'विवेकसिंधु' ची उपलब्ध भाषा तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' अथवा 'ज्ञानेश्वरी' ह्यांच्या भाषेपेक्षा अर्वाचीन वाटते. ग्रंथ सांप्रदायिकांच्या नित्यपाठात राहिला, पुनःपुन्हा उतरून घेतला गेला, आणि लेखनिकांच्या हातून त्याची रूपे बदलत गेली, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ओवीची अक्षरसंख्या सैल असल्यामुळे असा बदल छंदाला फारसा न दुखविता होऊ शकतो. शिलालेखाचे तसे नसते. यादव राजा सिंघण ह्याचा सेनानी खोलेश्वर ह्याच्याशी संबंधित तेराव्या शतकातील लेख अंबाजोगाईस आहेत, व दगडावर असल्यामुळे त्यांची भाषा आहे तशीच राहिली; पण ते संस्कृतात असल्याने आपल्या क्रियापदावर त्यांचा प्रकाश पडत नाही. सारांश, 'विवेकसिंधु' तील एखाद्या क्रियापदाचा प्रत्यय पाहून बाराव्या शतकातील मराठीचा निर्णय करणे धोक्याचे आहे. ग्रंथाचा सिद्धांत आणि त्या सिद्धांताला कोणत्या प्रकारची वाक्यरचना लागते, ह्या गोष्टी मात्र लेखनिकाच्या हाताने सहसा बदलत नाहीत. आपला विचार तेवढ्याच आधारावर केला पाहिजे.

'विवेकसिंधु' हा अद्वैत वेदान्ताचे मराठीत केलेले निरूपण आहे. गुरुशिष्यसंवादाच्या पद्धतीने त्यात सृष्टीची उत्पत्ती, देहांचा विचार आणि महावाक्याचा अर्थ उलगडला आहे. असल्या ग्रंथात ज्ञानवाचक क्रियापद पानोपानी येणार हे उघडच आहे. येथे एका प्रमादापासून सावध राहिले पाहिजे. ओवीवाङ्मयात सर्वत्र 'जाण', 'जाणा', 'जाणावे' ही रूपे श्रोत्याला उद्देशून येतात. कित्येकदा ती केवळ यमकाच्या सोयीसाठी चरणाच्या शेवटी योजिलेली असतात. त्यांचे काम 'लक्षात घे' एवढेच असते. 'जाणणे' ह्या क्रियापदाची गणना करून त्यावर सिद्धांत उभारू पाहणाऱ्या संशोधकाने ही रूपे प्रथम बाजूस काढली पाहिजेत. ती काढल्यावर जे उरते तेच विचारास योग्य होय.

जे उरते त्यात वेदान्ताची खरी अडचण दिसते. जाणणारा, जाणणे आणि जाणावयाची वस्तू ही त्रिपुटी झाली. घट, पट, वृक्ष ह्यांच्या बाबतीत ती निर्वेध चालते. परंतु आत्म्याच्या बाबतीत ती कोसळते. कारण जाणावयाचे आहे ते जाणणाऱ्याहून वेगळे नाही. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्याने मैत्रेयीसमोर हाच प्रश्न ठेवला आहे : जो स्वतः सर्वांचा ज्ञाता, तो कोणत्या साधनाने ज्ञेय व्हावा? व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, कर्ता स्वतःच्याच क्रियेचे कर्म कसा होईल?

ह्या प्रश्नाला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या चतुःसूत्रीत दिलेले उत्तर आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे. त्यांच्या मते ध्यान ही मानसक्रिया आहे. ती करणे, न करणे वा वेगळ्या प्रकारे करणे पुरुषाच्या अधीन आहे, म्हणून ती पुरुषतंत्र होय. ज्ञान मात्र वस्तुतंत्र आहे. डोळे उघडे असले व समोर खांब असला, तर खांबाचे ज्ञान होते. ते व्हावे की न व्हावे हे पाहणाऱ्याच्या इच्छेवर नाही. म्हणून ज्ञान ही खऱ्या अर्थाने क्रियाच नव्हे.

हा सिद्धांत संस्कृतात मांडताना आचार्यांना भाषेची प्रवृत्ती काहीशी प्रतिकूल होती. 'जानामि' ह्या रूपात जाणणारा कर्ता होऊनच बसतो. 'ज्ञायते', 'विदितम्' अशा कर्मणी रचना संस्कृतात आहेत हे खरे. परंतु त्या एकाच धातूच्या निराळ्या प्रयोगांतून सिद्ध कराव्या लागतात. मराठीत निरूपण करणाऱ्यापाशी मात्र दोन स्वतंत्र क्रियापदे होती. श्रवण, मनन, विचार ह्यांचा उपदेश करावयाचा असेल तेव्हा 'जाणणे'. कारण तेथे शिष्याला कर्ता म्हणून कामाला लावावयाचे आहे. बोध झाला हे सांगावयाचे असेल तेव्हा 'कळणे', 'दिसणे', 'ठावे होणे' ह्या गटातील क्रियापद. कारण तेथे कर्त्याला बाजूला सारावयाचे आहे. पुरुषतंत्र आणि वस्तुतंत्र हा भाष्यातील भेद मराठीच्या विभक्तीत आधीच तयार होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे अतिव्याप्तीचा दोष मात्र टाळला पाहिजे. व्याकरणावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही. 'मला ठाऊक आहे' म्हणणारा प्रत्येक मनुष्य अद्वैती नसतो, आणि 'आय नो' म्हणणारा त्यामुळे द्वैती ठरत नाही. शिवाय 'मला कळले' ह्यातही 'मला' उरतोच. त्रिपुटी पूर्णपणे मावळली असे त्यावरून म्हणता येत नाही. भाषेने ग्रंथकाराला सिद्धांत दिला असे म्हणावयाचे नाही. सिद्धांत व्यक्त करण्यासाठी त्याला एक पायरी अधिक दिली, एवढेच म्हणावयाचे आहे.

ती 'मला' ची शेवटची पायरीही ओलांडण्याचा यत्न ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभव' ह्या ग्रंथात आहे. अज्ञानाचे खंडन करून ग्रंथकार थांबत नाही. अज्ञानाच्या अपेक्षेने ज्याला ज्ञान म्हणावयाचे तेही तो शिल्लक ठेवीत नाही. 'जाणणे' आणि 'नेणणे' ही क्रियापदांची जोडी सजीव असणाऱ्या भाषेतच हा युक्तिवाद इतक्या सहजतेने चालू शकतो. ह्या ग्रंथावर 'नित्यानंदैक्यदीपिका' ही विस्तृत टीका लिहिणारे सतराव्या शतकातील शिवकल्याण अंबाजोगाईचेच होत. मुकुंदराजांचा वारसा सांगणाऱ्या गावात 'अमृतानुभवा' सारख्या कठीण ग्रंथाचे विवरण झाले, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. जाणण्याच्या प्रश्नाची चर्चा तेथे दीर्घकाळ चालू असल्याचे ते गमक आहे.

ह्या दोघांच्या मध्ये दासोपंत येतात. त्यांचा काल १५५१ ते १६१५ असा आहे. बिदरच्या राज्यातील नारायणपेठ हे त्यांचे जन्मस्थान, म्हणजे तेलुगु आणि कन्नड भाषांच्या सीमेवरील प्रदेश. परंतु त्यांची कर्मभूमी अंबाजोगाई. सुमारे सव्वा लक्ष ओव्यांचा 'गीतार्णव' त्यांच्या नावावर आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची 'पासोडी' अधिक उद्बोधक आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय लिहिला व आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. पंचमहाभूतांचे परस्परमिश्रण आणि त्यातून देहाची व विश्वाची घडण हा विषय नुसत्या ऐकण्याने मनात ठसणे कठीण. तो नजरेपुढे पसरून ठेवला की आपोआप दिसतो. 'विद्' धातूत पाहणे आणि ठाऊक असणे एकत्र होते, हे वर सांगितलेच आहे. पासोडीच्या रचनेमागे तोच विचार आहे. शिष्याला 'जाण' म्हणून आज्ञा करण्याऐवजी, त्याला कळेल अशी परिस्थिती गुरूने निर्माण करावयाची.

५

एकोणिसाव्या शतकात ह्या परंपरेची इंग्रजी क्रियापदाशी गाठ पडली ती प्रथम कोशांतून. विल्यम केरी ह्यांचा मराठी कोश श्रीरामपूर येथे १८१० मध्ये छापला गेला, आणि व्हॅन्स केनेडी ह्यांचा कोश १८२४ मध्ये निघाला. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे साठ हजार शब्दांची त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला. हे कार्य किती मोठे होते हे सांगावयास नको. तथापि दोन दिशांच्या कोशांत एक मूलभूत अंतर असते, ते ध्यानात घेतले पाहिजे. मराठी-इंग्रजी कोशात 'जाणणे', 'कळणे', 'ओळखणे', 'समजणे', 'ठाऊक' हे शब्द आपापल्या जागी, आपापल्या उदाहरणांसह स्वतंत्र नांदतात. इंग्रजी-मराठी कोशात हे सर्व एकाच मथळ्याखाली गोळा होतात. तेथे ते पर्याय म्हणून दिसतात. वास्तविक ते पर्याय नसून कामाची वाटणी करून घेतलेले सोबती आहेत. घाईत असलेला विद्यार्थी त्यांतला एक उचलतो, आणि 'मी' हा कर्ता ज्याच्याबरोबर सरळ बसतो असा 'जाणणे' हाच शब्द इंग्रजी वाक्याच्या साच्यात सर्वांत सोयीचा असतो.

ह्या सोयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात 'नो' हे क्रियापद हिब्रू वाक्प्रचाराच्या अनुकरणाने पतिपत्नीच्या संबंधासाठीही आले आहे. 'जाणणे' ह्या मराठी क्रियापदाला तो अर्थ पेलत नाही, आणि शब्दशः भाषांतर केल्यास वाचक अडखळतो. ही किंमत त्या मानाने अल्प आहे, कारण तेथे वाचकाला आपण अडखळलो हे निदान कळते. दुसरी किंमत अधिक आहे. विद्यापीठीय अभ्यासात आपण जुन्या मराठी ग्रंथांचे सार इंग्रजीत लिहितो, अथवा इंग्रजीतून विचार करून मराठीत लिहितो. तेव्हा 'कळणे', 'दिसणे', 'ठावे होणे', 'जाणवणे' हे सर्व 'नो' मध्ये विलीन होतात. 'साधकाने ब्रह्म जाणले' असे एक वाक्य तयार होते. त्यात साधक कर्ता आहे, ब्रह्म कर्म आहे, आणि जाणणे ही साधकाने ब्रह्मावर केलेली क्रिया आहे. म्हणजे जे टाळण्यासाठी ग्रंथकाराने एवढा खटाटोप केला, तेच आपण त्याच्या तोंडी घालतो. मग त्याच वाक्यावरून ग्रंथात विसंगती आहे असा आक्षेपही घेतला जातो. विसंगती ग्रंथातील नसून भाषांतरातील असते.

ह्यावर उपाय सोपा आहे, मात्र त्याला चिकाटी लागते. प्राचीन मराठी ग्रंथ अभ्यासताना ज्ञानवाचक प्रत्येक स्थळी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. क्रियापद कोणते आहे. जाणणारा कोणत्या विभक्तीत आहे, की मुळीच सांगितलेला नाही. आणि जे जाणले जात आहे ते जाणणाऱ्याहून भिन्न असे कर्म आहे काय. 'जाण' हे पादपूरक रूप वेगळे काढावे. 'नेणणे' हे 'जाणणे' च्या नकारात मिसळू नये, त्याची स्वतंत्र नोंद करावी. 'विवेकसिंधु', 'परमामृत', दासोपंतांचे ग्रंथ व शिवकल्याणांची टीका ह्यांची अशी तुलनात्मक सूची तयार झाल्यास, एका गावाशी निगडित असलेल्या पाच शतकांच्या ग्रंथरचनेत ज्ञानाची भाषा कशी बदलली हे पाहता येईल. लेखनिकांनी रूपे बदलली असली तरी 'मी' च्या जागी 'मला' घालण्याची उठाठेव ते सहसा करणार नाहीत; म्हणून पाठभेदांच्या निर्णयातही ह्या सूचीचा उपयोग होण्याचा संभव आहे.

इंग्रजीच्या अभ्यासकालाही ह्यात लाभ आहे. 'नो' हे क्रियापद जेथे येईल तेथे ते जुन्या तिघांपैकी कोणाचे काम करीत आहे, असा प्रश्न मराठी भाषकाला स्वभावतःच सुचू शकतो. जी विभागणी इंग्रजीने गमावली ती त्याच्या मातृभाषेत शाबूत आहे. इंग्रजी ग्रंथ वाचताना ती विसरण्यापेक्षा बरोबर नेणे अधिक हिताचे होय. शाळेच्या वहीतील 'टु नो म्हणजे जाणणे' ही ओळ खोडण्याचे कारण नाही. तिच्याखाली 'ओळखणे', 'ठाऊक असणे', 'येणे' आणि 'कळणे' हे चार शब्द, त्यांच्या विभक्तींसह, लिहून ठेवले म्हणजे झाले.